चार अक्षरांचे वजन : चिनी वाक्प्रचार आणि इंग्रजी फ्रेझल व्हर्ब



अनुवादाच्या अभ्यासात वाक्प्रचारांचा भाग आला की आपण मनात एक तक्ता आखतो. डाव्या रकान्यात मूळ भाषेतील वाक्प्रचार आणि उजव्या रकान्यात लक्ष्यभाषेतील त्याचा जोडीदार. पाठांतरासाठी असा तक्ता सोयीचा असतो, परंतु अनुवाद करू लागल्यावर त्यावर कितपत विसंबावे, याविषयी एक मत या लेखात मांडायचे आहे.

त्यासाठी उदाहरण मुद्दाम दूरचे घेतले आहे. चिनी भाषेतील चार अक्षरी वाक्प्रचार इंग्रजीत आणताना अनुवादक पुष्कळदा फ्रेझल व्हर्बचा आधार घेतात. तो आधार कोठे योग्य ठरतो आणि कोठे घातक ठरतो, हे आपण पाहणार आहोत. स्वतःच्या भाषेतील वाक्प्रचार रोजच्या वापराने इतके गुळगुळीत झालेले असतात की त्यांतील चित्र आपल्याला दिसत नाही. दोन परक्या भाषांमधील देवघेव पाहताना मात्र दृष्टी ताजी राहते. चिनी येत नसले तरी पुढील विवेचन समजण्यास अडचण येणार नाही.

माझे म्हणणे असे : वाक्प्रचाराचा अर्थ कोशात जुळवता येतो, पण त्याचे वजन केवळ वाक्यातच जुळवता येते. म्हणून कोणत्याही वाक्प्रचाराला एक कायमचा जोडीदार नसतो.

दोन वेगळ्या घरांतील शब्द

चिनी भाषेतील या वाक्प्रचारांना ‘छंग-यू’ म्हणतात. बहुतेक छंग-यू चार अक्षरांचे असतात. प्रत्येक अक्षर म्हणजे अर्थ असलेला एक घटक, त्यामुळे चार अक्षरांत एक आटोपशीर वाक्य मावते. त्यांची घडण प्राचीन लिखित चिनी भाषेची आहे आणि त्यांपैकी अनेकांच्या मागे इतिहासग्रंथांतील किंवा तत्त्वचिंतकांच्या ग्रंथांतील एखादी गोष्ट उभी असते. ते बोलण्यातही येतात, पण त्यांच्याबरोबर विद्येचा थोडा सुगंध येतो. मराठीत त्यांना सर्वांत जवळचे काही असेल तर ते ‘अंधगजन्याय’, ‘भगीरथ प्रयत्न’, ‘द्राविडी प्राणायाम’, ‘अरण्यरुदन’ यांसारखे संस्कृतातून आलेले शब्दप्रयोग होत.

फ्रेझल व्हर्बचे कूळ याहून अगदी वेगळे आहे. एक साधे क्रियापद आणि त्याला चिकटलेला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ यांसारखा छोटा शब्द, एवढीच त्याची सामग्री. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत या रचनेची दखल घेतली होती आणि परक्यांना इंग्रजी शिकताना सर्वाधिक अडचण हिचीच होते, असे नोंदवले होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ होण्यास लोगन पिअरसॉल स्मिथ यांचे १९२५ मधील पुस्तक कारणीभूत ठरले. इंग्रजीत अशा बहुतेक क्रियापदांना लॅटिन वळणाचा एक भारदस्त पर्यायही असतो. ‘पुट ऑफ’ला ‘पोस्टपोन’ आणि ‘लुक इन्टू’ला ‘इन्व्हेस्टिगेट’. त्या जोडीत फ्रेझल व्हर्ब हा घरातला, बोलण्यातला शब्द असतो.

तेव्हा छंग-यूसाठी फ्रेझल व्हर्ब निवडणे म्हणजे एका भाषेतील ठेवणीतल्या वस्त्राच्या जागी दुसऱ्या भाषेतील रोजचे वस्त्र देणे होय. हे नेहमीच चूक नसते. मात्र आपण काय करत आहोत याची जाणीव अनुवादकाला असली पाहिजे.

टाकणे, बसणे आणि ‘अप’, ‘आउट’

मराठीच्या विद्यार्थ्याला फ्रेझल व्हर्ब वाटतो तितका परका नाही. ‘त्याने पैसे दिले’, ‘त्याने पैसे देऊन टाकले’ आणि ‘तो पैसे देऊन बसला’ ही तीन वाक्ये पाहा. व्यवहार एकच आहे. ‘टाकले’ने त्यात एकदाचे मोकळे झाल्याची भावना आली, ‘बसला’ने पश्चात्ताप आला. येथे टाकण्याची किंवा बसण्याची क्रिया घडलेलीच नाही. संयुक्त क्रियापदातील हा दुसरा घटक जे काम करतो, त्याच जातीचे काम इंग्रजीत ‘अप’ आणि ‘आउट’ करतात. ‘ईट अप’चे मराठी ‘वर खाणे’ होत नाही, ‘खाऊन टाकणे’ होते.

चिनी भाषेतही अशी सोय आहे आणि ती छंग-यूमध्ये नसून साध्या बोलीत आहे. क्रियापदापुढे दिशादर्शक शब्द जोडण्याची तेथे पद्धत आहे. ‘हसणे’ या क्रियापदाला ‘वर येणे’ जोडले की हसायला सुरुवात होणे असा अर्थ होतो. इंग्रज तेथे ‘बर्स्ट आउट’ म्हणतो आणि आपण ‘हसत सुटला’ म्हणतो. ‘नेटाने धरून राहणे’ला ‘खाली जाणे’ जोडले की ते नेटाने चालू ठेवणे होते. इंग्रजी तेथे ‘कीप ऑन’ वापरते. वर, बाहेर, सुटणे, खाली, पुढे : दिशा निरनिराळ्या, पण युक्ती एकच. फ्रेझल व्हर्बचे खरे सगेसोयरे शोधायचे तर ते येथे सापडतात. छंग-यूशी त्याचे नाते जमवावे लागते.

जेथे जोडी जमते

ते नाते कधी कधी उत्तम जमते. चीनमध्ये युद्धमान राज्यांच्या काळात झाओ राज्याच्या राजधानीला छिन राज्याच्या सैन्याने वेढा दिला होता. मदत मिळवण्यासाठी झाओचा एक सरदार छू राज्याकडे निघाला. बरोबर नेण्यासाठी त्याला वीस माणसे हवी होती, एकोणीस मिळाली. तेव्हा माओ स्वी नावाच्या आश्रिताने स्वतःचे नाव पुढे केले. सरदार म्हणाला, गुणी माणूस पिशवीतल्या आरीसारखा असतो, तिचे टोक लगेच दिसते. तू तीन वर्षे येथे आहेस आणि तुझे नावही कानावर आले नाही. माओ स्वीने उत्तर दिले की आपल्याला आजवर पिशवीत ठेवलेच नव्हते. ठेवले असते तर टोकच काय, सारी आरी बाहेर आली असती. पुढे छूच्या दरबारात त्यानेच बोलणी यशस्वी केली. सिमा छियान यांच्या इतिहासग्रंथातील या प्रसंगावरून ‘त्वो यिंग अर छू’ हा छंग-यू आला. अर्थ : टोक मोकळे होऊन बाहेर येणे, म्हणजेच अनेकांतून उठून दिसणे.

याला इंग्रजीत ‘स्टँड आउट’ म्हणतात. चिनीतील शेवटचे अक्षर ‘छू’ म्हणजे ‘बाहेर’ आणि इंग्रजीतील ‘आउट’ म्हणजेही ‘बाहेर’. आरी गेली, पण आतून बाहेर येण्याची दिशा टिकली. आजच्या चिनी वृत्तपत्रात एखादी खेळाडू शेकडो स्पर्धकांतून पुढे आली, या अर्थाने हा छंग-यू येतो, तेव्हा वाचकाच्या मनात पिशवी आणि आरी क्वचितच असते. आपण तरी ‘कंबर कसली’ म्हणताना कमरेचा शेला कोठे पाहतो? अशा जागी ‘स्टँड आउट’ निवडणारा अनुवादक आळशी नव्हे, नेमका आहे.

दुसरे उदाहरण ‘श्यू शौ फांग ग्वान’चे. बाह्यांत हात घालून बाजूने पाहत राहणे, असा त्याचा शब्दार्थ. लांब बाह्यांच्या जुन्या चिनी पोशाखामुळे हे चित्र शक्य झाले. इंग्रजीत ‘स्टँड बाय’. तिसरे अक्षर ‘फांग’ म्हणजे ‘बाजूला’ आणि ‘बाय’ या शब्दातही जवळ, बाजूला हाच अर्थ आहे. बाह्या हरवल्या, पण मदत न करता शेजारी उभे राहण्यातील दोष शिल्लक राहिला. मराठीत आपण ‘बघ्याची भूमिका’ म्हणतो, तेव्हा तोच दोष दाखवतो.

जेथे गोष्टच अर्थ असते

आता असे उदाहरण पाहा की जेथे हा व्यवहार तोट्याचा ठरतो. ‘बान थू अर फेई’ म्हणजे अर्ध्या वाटेवर सोडून देणे. ही शब्दयोजना कन्फ्यूशियन परंपरेतील एका प्राचीन ग्रंथातून आली आहे. परंतु तिच्यासोबत बहुधा एक नंतरची गोष्ट सांगितली जाते. हान काळात यूए यांगझी नावाचा तरुण घर सोडून विद्या शिकायला गेला आणि वर्षभरात परत आला. पत्नीने कारण विचारले. घरची आठवण आली, दुसरे काही नाही, असे तो म्हणाला. ती मागावर कापड विणत होती. तिने सुरी उचलली आणि ती मागाजवळ गेली. हे कापड कोशातल्या रेशमाचे आहे, धाग्याला धागा जोडून ते बोट बोट वाढले. मी आता ते कापले तर सारे दिवस वाया जातील आणि तुम्ही शिक्षण मध्येच सोडले तर त्यात आणि यात फरक काय, असे ती म्हणाली. तो परत गेला आणि सात वर्षे घरी आला नाही.

या छंग-यूचा कोशातील अर्थ ‘गिव्ह अप’ असा सहज देता येतो. शिक्षणाच्या संदर्भात ‘ड्रॉप आउट’ही चालेल. परंतु एखाद्या कादंबरीत आई मुलाला हे चार शब्द ऐकवते, तेव्हा ती फक्त ‘सोडू नकोस’ एवढेच म्हणत नाही. अर्धी वाट चालून झाली आहे, हे ती त्याला दाखवते. ‘गिव्ह अप’मध्ये सोडणे आहे, पण चाललेली अर्धी वाट नाही. ‘ड्रॉप आउट’मध्ये तर गळून पडलेल्याची नोंद आहे, एखाद्या तक्त्यातील आकड्यासारखी. नोकरी आणि संसार सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडणाऱ्या तुमच्यासारख्या वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. ‘शिक्षण सोडले’ आणि ‘शिक्षण अर्ध्यावर राहिले’ ही एकाच घटनेची दोन वाक्ये आहेत. पहिले निर्णय सांगते, दुसरे खंत सांगते. येथे अनुवादकाने ‘अर्धी वाट’ हे शब्द राखलेच पाहिजेत. इंग्रजीत त्यासाठी ‘हाफवे’ हा शब्द आहे. तो ‘गिव्ह अप’ला जोडला की वाक्य दोन अक्षरांनी वाढते, पण मूळ अर्थ घरी पोहोचतो.

आपल्या बाजूने पाहिले तर हे अधिक पटेल. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत भारतातून बौद्ध ग्रंथांच्या अनुवादांबरोबर चीनमध्ये गेला आणि तेथे ‘मांग रेन मो श्यांग’ असा चार अक्षरी छंग-यू झाला. त्या काळच्या अनुवादकांनी हत्ती गाळून ‘त्यांचा गैरसमज झाला’ एवढेच लिहिले असते, तर अर्थ चुकला नसता. पण चिनी भाषेला तो वाक्प्रचार कधीच मिळाला नसता. अनुवाद वाचकाला माहिती देतो, तसाच कधी कधी भाषेला नवी चित्रेही देतो. प्रत्येक चित्राच्या जागी तयार क्रियापद ठेवल्यास ही वाट बंद होते.

छोट्या शब्दाने दिलेला निवाडा

चित्र नसलेल्या छंग-यूमध्ये फ्रेझल व्हर्ब निर्धोक असतो, असे मानण्याचे कारण नाही. ‘झी नान अर थुई’ म्हणजे अडचण ओळखून मागे फिरणे. प्राचीन ‘झुओ झुआन’ या ग्रंथात हे युद्धनीतीतील शहाणपण म्हणून येते. शक्यता दिसली तर पुढे जावे, कठीण दिसले तर मागे यावे, असा त्याचा आशय. आजच्या वापरात मात्र तो कच खाणाऱ्याविषयीही येतो.

इंग्रजीत ‘बॅक’ हे एकच क्रियापद घ्या. ‘बॅक आउट’ म्हटले तर दिलेला शब्द मोडल्याचा वास येतो. ‘बॅक डाउन’ म्हटले तर वादात हार मानली असे होते. ‘बॅक ऑफ’ म्हटले तर थोडे अंतर राखले एवढेच. मूळ चार अक्षरांनी निवाडा वाचकावर सोपवला होता. येथे ‘आउट’, ‘डाउन’ आणि ‘ऑफ’ यांनी तो आधीच देऊन टाकला. मराठीत ‘माघार घेतली’, ‘शेपूट घातली’ आणि ‘हात आखडता घेतला’ यांतील अंतर तुम्हांला ठाऊक आहे. एखाद्या सेनापतीच्या संयमाला ‘शेपूट घातली’ म्हणणारा अनुवादक केवळ शब्द चुकत नाही, त्या माणसावर अन्याय करतो.

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी तंग श्यावफिंग यांच्या परराष्ट्रधोरणाचे सूत्र म्हणून ‘थाओ ग्वांग यांग हुई’ हा छंग-यू प्रसिद्धीस आला. शब्दशः : तेज झाकावे आणि अंधारात जोपासना करावी. चीनच्या बाजूने त्याचा इंग्रजी अर्थ ‘प्रसिद्धीपासून दूर राहणे’ असा सांगितला जातो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालांत मात्र ‘आपली क्षमता लपवून योग्य वेळेची वाट पाहणे’ या अर्थाचा अनुवाद आला आणि त्यावर चिनी अभ्यासकांनी आक्षेप घेतला. ‘लाय लो’ हा सुटसुटीत इंग्रजी प्रयोग वापरला तरी वाद मिटत नाही. धोका टळेपर्यंत दडून राहणे ही छटा त्यात आहेच. एकाला ‘झाकली मूठ’ दिसते, दुसऱ्याला ‘दबा धरून बसणे’. त्या चार अक्षरांत दोन्हींना वाव आहे. अनुवादकाने एक बाजू निवडली की एका राष्ट्राचा हेतूच ठरवल्यासारखे होते.

याउलट, जेथे फ्रेझल व्हर्ब अगदी शोभला असता अशी एक जागा पाहा. डिसेंबर २००८ मध्ये, आर्थिक सुधारणांना तीस वर्षे झाल्याच्या प्रसंगी हू चिन्थाव यांनी भाषणात ‘बू झथंग’ हा शब्द वापरला. हा छंग-यू नव्हे, उत्तर चीनच्या बोलीतील रांगडा शब्द आहे. उगाच उलथापालथ करू नका, घोळ घालू नका, असा त्याचा भाव. ऐकणाऱ्यांत हशा पिकला. इंग्रजीत त्यासाठी अनेक पर्याय सुचवले गेले आणि त्यानंतर काही दिवसांनी बीजिंगमधील एका पत्रकार परिषदेत दुभाष्याने तो चिनी शब्द तसाच उच्चारला. माझ्या मते येथे ‘मेस अराउंड’ हे क्रियापद मूळ शब्दाच्या सर्वांत जवळचे ठरले असते, कारण दोन्ही शब्द ओसरीवर बसून बोलणाऱ्यांचे आहेत. दुभाष्याची अडचणही समजण्यासारखी आहे. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी इतका घरगुती शब्द घालण्याचे धैर्य सहज होत नाही.

शब्द तसाच ठेवण्याला चीनमध्ये जुना आधार आहे. सातव्या शतकात भारतात आलेला आणि महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संग याच्या नावावर, शब्दांचा अनुवाद कोणत्या पाच कारणांसाठी करू नये, याचे नियम सांगितले जातात. अनेकार्थी शब्द, आपल्या देशात नसलेली वस्तू आणि अनुवादाने ज्याचे गांभीर्य कमी होईल असा शब्द, ही त्यांपैकी तीन कारणे. ‘प्रज्ञा’ हा शब्द त्याने तसाच ठेवला, कारण साध्या चिनी शब्दाने त्याचे वजन उतरले असते. छंग-यूच्या अनुवादकानेही हा विचार ध्यानात ठेवावा.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर कोणी म्हणेल की वाचकाला ओघवता मजकूर हवा असतो; प्रत्येक वाक्यात आरी, माग आणि बाह्या आल्या तर अनुवाद म्हणजे वस्तुसंग्रहालय होईल. हा आक्षेप मला मान्य आहे. ‘कामाचा श्रीगणेशा केला’ या बातमीतील वाक्यात गणपतीची माहिती देणारी तळटीप हास्यास्पदच ठरेल. म्हणूनच माझा आग्रह चित्र नेहमी राखण्याचा नाही. एकदा ठरवलेला पर्याय सर्वत्र चालवू नये, एवढाच आहे. कायदेशीर करारात, बातमीत, संवादात आणि कवितेत एकच छंग-यू चार प्रकारे अनुवादित होऊ शकतो, आणि चारही अनुवाद बरोबर असू शकतात.

निवड करताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : या वाक्यात ते चित्र जागे आहे का? लेखकाने पुढे त्याच चित्रावर काही रचले असेल, तर ते जागे आहे असे समजावे. दुसरा : बोलणारा कोण आहे आणि कोठे बोलतो आहे? विद्वानाच्या तोंडची प्राचीन चार अक्षरे आणि बाजारातील माणसाच्या तोंडची तीच अक्षरे सारखी नसतात. तिसरा : मी निवडलेल्या क्रियापदाने मूळ लेखकाने न दिलेला निवाडा दिला का? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत अधिक विसरला जातो. मराठीतून हिंदीत किंवा इंग्रजीत अनुवाद करतानाही हेच तीन प्रश्न उपयोगी पडतील.

यंत्राने केलेला अनुवाद आज क्षणात हाती येतो आणि तो पुष्कळदा वाचनीयही असतो. त्यामुळे जोडीदार शोधण्याचे श्रम कमी झाले आहेत. तो जोडीदार या वाक्यात, या माणसाच्या तोंडी शोभतो की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी मात्र तशीच उरली आहे. भाषेचा पदवीधर म्हणून तुमच्याकडून अपेक्षा आहे ती याच निर्णयाची.

विचार करा

१. ‘अरण्यरुदन’, ‘द्राविडी प्राणायाम’ आणि ‘कंबर कसणे’ यांपैकी कोणत्या शब्दप्रयोगातील चित्र आजच्या वाचकासाठी जागे आहे? प्रत्येकी एक वाक्य लिहून उत्तराचे समर्थन करा.

२. ‘सांगून टाकले’, ‘सांगून ठेवले’ आणि ‘सांगून बसला’ यांतील अर्थच्छटा स्पष्ट करा. तुम्हांला अवगत असलेल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेत हा फरक कसा आणाल?

३. ‘मूळ लेखकाने न दिलेला निवाडा अनुवादकाने देऊ नये.’ हे मत तुम्हांला पटते का? आपल्या वाचनातील एखाद्या अनुवादित पुस्तकाच्या आधारे दहा ते पंधरा ओळींत लिहा.